नकार मोजक्यांचाच होता: पाटण तालुक्यातल्या एका उपकेंद्राच्या घरभेटी

पाटण तालुक्यातल्या एका डोंगराळ आरोग्य उपकेंद्राच्या घरभेटींचा तक्ता मासिक आढावा बैठकीत पडद्यावर आला आणि सगळ्यांची नजर एकाच रकान्यावर थांबली. तीस वर्षांवरील ज्या लोकांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी राहून गेली होती, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या नावापुढे कारण दिसत होतं, 'तपासणीस नकार'. बैठकीत ठरलं तेही ठरलेलंच. लोकांमध्ये जागृती कमी आहे, सरपंचांना विश्वासात घ्या, ग्रामसभेत विषय मांडा, भिंती रंगवा. आशाताईंना सांगण्यात आलं की समुपदेशनात तुम्ही कमी पडताय.

त्या बैठकीत बसलेल्या एकाही आशाताईला गावात एवढे नकार आठवत नव्हते. पण पडद्यावरचा आकडा त्यांनीच मोबाइलवर भरलेल्या फॉर्ममधून आला होता. मग बोलणार कोण?

तो नकार आला कुठून आणि पुढे त्याचं काय झालं, ते इथे लिहितो आहे. उपकेंद्राचं, वाड्यांचं आणि माणसांचं नाव मुद्दाम टाळलं आहे. मोबाइलवरचा फॉर्म एका छोट्या सामाजिक संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या संमतीनं तयार केला होता. तो तपासून दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून हे सगळं जवळून पाहता आलं.

कुटुंब इथे, माणसं तिथे

डोंगराळ भागात साधारण तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र धरतात. मैदानात हेच पाच हजारांमागे. कागदावर ही सवलत वाटते, पण तीन हजार माणसं पंधरावीस वाड्यांत विखुरलेली असली की हिशेब बदलतो. खालच्या आळीतून वरच्या सड्यावरच्या धनगरवाड्यात जायचं तर चढणीतच सकाळ जाते. पावसाळ्यात ओढा आडवा येतो. मोबाइलची रेंज खिंडीत आणि देवळाच्या पारावर मिळते, घरात मिळत नाही. 2021 च्या जुलैमध्ये याच तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली. त्यानंतर दरडीच्या भीतीनं पावसाळ्यापुरतं घर सोडून खाली राहायला येणारी कुटुंबं आहेत. त्यांचा घरक्रमांक एकीकडे आणि चूल दुसरीकडे.

आणि मुंबई. पाटणचं आणि मुंबईचं नातं पिढ्यांचं आहे. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले. माथाडी कायदा 1969 चा, पण त्याच्याही आधीपासून इथली माणसं मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारपेठांत ओझी वाहत होती. आता पुढची पिढी नवी मुंबईत स्थिरावली आहे. रेशनकार्डावर नऊ नावं, घरात दोन म्हातारी माणसं, हे इथलं साधं चित्र. बाकीची सात गणपतीला, गावच्या यात्रेला आणि मे महिन्यात येतात. म्हातारी माणसंही एका जागी नसतात. नातवंडं सांभाळायला, डोळ्याच्या ऑपरेशनला, कधी थोरल्याकडे तर कधी धाकट्याकडे, वर्षातले काही महिने मुंबईला जातात.

घरभेटीचा फॉर्म या चित्राला सामावून घेतो की नाही, यावर बाकी सगळं अवलंबून होतं.

काम काय होतं

तीस वर्षांवरील प्रत्येकाची असंसर्गजन्य आजारांसाठी तपासणी हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग. सुरुवात आशा स्वयंसेविकेच्या घरभेटीपासून होते. ती सीबॅक नावाचा तक्ता भरते. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल, घरात कुणाला असे आजार आहेत का. प्रत्येक उत्तराला गुण. बाईच्या कमरेचा घेर 80 सेंटीमीटरच्या वर गेला की गुण सुरू होतात, पुरुषाचा 90 च्या वर. बेरीज चारच्या पुढे गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचं. पुढे उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे गावाच्या भाषेत सीएचओ मॅडम, रक्तदाब आणि साखर मोजतात. 140/90 किंवा त्याच्या वर रक्तदाब असला तर पुन्हा मोजून, खात्री करून डॉक्टरांकडे.

सातारा जिल्ह्याला हे काम नवं नाही. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम 2017 च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा पाच राज्यांतल्या पहिल्या काही जिल्ह्यांत महाराष्ट्रातून भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्गबरोबर सातारा होता. त्या उपक्रमानं एक चांगली सवय लावली. किती लोकांना गोळ्या सुरू केल्या, एवढ्यावर न थांबता गेल्या तिमाहीत कितीजण परत आले आणि त्यांचा रक्तदाब 140/90 च्या खाली आला का, हे विचारायचं. जो आला नाही त्याला शोधायचं. त्यासाठी वापरात आलेल्या 'सिंपल' नावाच्या ॲपमध्ये परत न आलेल्या रुग्णांची यादी कर्मचाऱ्याच्या समोर येते आणि नावावर बोट ठेवलं की फोन लागतो. या ॲपची मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट तीच. भरलेली माहिती भरणाऱ्याच्याच कामाला येते.

संस्थेनं जो फॉर्म केला तो गावपातळीच्या पाठपुराव्यासाठी होता. दवाखान्यात न पोहोचलेल्यांना घरी गाठायचं. साधन होतं ओडीके. वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर जगभर सर्वेक्षणांसाठी वापरतात. फॉर्म एक्सेलच्या तक्त्यात लिहायचा, सर्व्हरवर चढवायचा, मोबाइलवर एकदा उतरवून घ्यायचा. नंतर रेंज नसली तरी फॉर्म भरता येतो. भरलेले फॉर्म मोबाइलमध्ये साठतात आणि रेंज आली की पाठवता येतात. प्रत्येक भरलेल्या फॉर्मला स्वतःचा ओळख क्रमांक मिळतो, त्यामुळे खिंडीत उभं राहून पाठवताना मध्येच रेंज गेली आणि पुन्हा पाठवला तरी दुबार नोंद होत नाही. डोंगरात काम करायचं तर साधनाची निवड योग्य होती. गडबड साधनात नव्हती.

पडवीतला प्रश्न

एका वाडीत आशाताईबरोबर फिरत होतो. पडवीत बसलेल्या आजींना ताईंनी विचारलं, "आजी, तात्या कुठं दिसनात?"

"मुंबैला गेल्यात थोरल्याकडं. डोळ्याचं आपरेशन हाय त्यांचं."

"कवा येणार?"

"गणपतीला येत्यात की समदी."

ताईंनी मोबाइल उघडला. तात्यांचं नाव, वय, मग प्रश्न: 'तपासणी झाली का?' हो किंवा नाही. 'नाही' दाबलं की कारण निवडायचं. पर्याय तीन होते: 'तपासणीस नकार', 'गंभीर आजारी', 'मृत्यू'. उत्तर दिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. ताई क्षणभर थांबल्या आणि त्यांनी 'नकार' निवडलं.

मी विचारलं तर म्हणाल्या, "सर, जिवंत माणसाला मृत्यू कसा लावू? आजारी म्हटलं तर वरून फोन येतो, पाठवा म्हणून. मग राहिलं काय?"

मोबाइल पिशवीत ठेवला आणि ताईंनी डायरी काढली. तात्यांच्या नावापुढे निळ्या पेनानं लिहिलं: मुंबई, थोरला मुलगा, कोपरखैरणे. गणपतीत येणार. बीपीची गोळी चालू, सोबत नेली.

त्या एका ओळीत पाठपुराव्याला लागणारं सगळं होतं. माणूस कुठे आहे, कुणाकडे आहे, कधी भेटेल, औषध चालू आहे की तुटलं. सर्व्हरवर मात्र गेला तो नकार. पुढे सगळ्या आशांच्या डायऱ्या आणि डेटाबेस शेजारी ठेवून वाचले, तेव्हा बहुतेक वाड्यांत हेच निघालं. 'नकार'खाली मुंबईला असलेले होते, मजुरीला खालच्या गावात गेलेले होते, दिवसभर रानात असणारे आणि संध्याकाळीच भेटणारे होते. 'तपासायचं नाही' म्हणणारे होते, पण मोजके, आणि त्यांचीही कारणं डायरीत होती. एकाला तालुक्याच्या ठिकाणी जाऊन दिवसभर ताटकळून परत यावं लागलं होतं, त्याचा राग होता.

ग्रामसभा, रंगवलेल्या भिंती, समुपदेशन, सगळं त्या लोकांसाठी ठरलं होतं जे गावात नव्हतेच. आणि ज्यांच्यामुळे कार्यक्रमाला खरी माहिती मिळू शकली असती, त्या आशांवर ठपका. मला हे फार गंभीर वाटतं. चुकीचा आकडा नुसता फाइलीत पडून राहत नाही. तो पैसे कुठे खर्च होणार आणि कुणाला बोल लागणार ते ठरवतो.

सक्ती केली की माहिती मिळते, खरी मिळतेच असं नाही

एकदा शंका आली की बाकीच्या रकान्यांकडेही नीट पाहावं लागतं.

मोबाइल नंबर सक्तीचा होता, दहा आकडी. ज्या म्हातारीकडे फोनच नाही तिच्या नावापुढे काय लिहायचं? काही ठिकाणी शेजाऱ्याचा नंबर होता, बऱ्याच ठिकाणी आशाताईंचा स्वतःचा. उद्या कुणी पाठपुराव्याचे संदेश पाठवायचे ठरवले असते तर वाडीभरचे संदेश एकाच फोनवर वाजले असते.

वयं पन्नास, पंचावन्न, साठ, पासष्ट अशी गोळा झालेली. जन्मतारीख सांगता न येणाऱ्या पिढीत हे होणारच. तिथे तारीख मागण्यापेक्षा 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा केवढ्या होता?' असं विचारलं तर निदान एक पक्का टेकू मिळतो. तो भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, आणि या भागातल्या कुठल्याही सत्तरीच्या माणसाला तो आठवतो.

रक्तदाबाच्या नोंदींत 120/80 आणि 130/80 वारंवार दिसत होते. डिजिटल यंत्र 127/83 असंही दाखवतं. शेवटी शून्यच शून्य दिसले की आकडा यंत्रावरून आला की अंदाजानं, हा प्रश्न पडतो. इथे कारण साधं निघालं. यंत्राचे सेल संपलेले, नवे मिळायला वेळ लागलेला, आणि फॉर्म रकाना रिकामा ठेवू देत नव्हता.

फॉर्म भरल्याची वेळ रात्रीची. यावरून संस्थेतल्या एकाला वाटलं की आशा घरी बसूनच फॉर्म भरतात. खरं असं होतं की दिवसा त्या कागदावर टिपून घेत, कारण फोन कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे असे किंवा बॅटरी उतरलेली असे, आणि रात्री जेवणं आवरल्यावर मोबाइलवर चढवत. वेळेच्या शिक्क्यावरून कुणाच्या प्रामाणिकपणाचा निवाडा करू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. तो शिक्का फोन कधी हातात आला एवढंच सांगतो.

जीपीएसचं आणखी वेगळं. ओडीकेमध्ये मूळ मांडणी अशी असते की अचूकता पाच मीटरच्या आत आली की जागा आपोआप नोंदली जाते. दाट झाडीत, पत्र्याखाली, ढगाळ हवेत ते लवकर होत नाही. त्याआधीही हातानं जागा नोंदवता येते, पण हे प्रशिक्षणात सांगितलंच नव्हतं. मग ताई अंगणात फोन धरून उभ्या राहायच्या आणि घरातला माणूस कंटाळून कामाला निघून जायचा. म्हणून पुढेपुढे एकाच मोकळ्या जागी उभं राहून चार-पाच घरांचे फॉर्म भरले गेले. नकाशावर ती सगळी घरं एकाच ठिपक्यात.

आभा क्रमांकाची कथा तर प्रत्येक डोंगरी गावात ऐकायला मिळेल. चौदा आकडी आरोग्य खातं आधारवरून काढायचं तर ओटीपी आधारशी जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर मुलाचा, मुलगा मुंबईत पाळीवर. पडवीतून ताई त्याला फोन लावणार, तो उचलणार नाही, उचलेल तोवर ओटीपीची मुदत संपलेली. शिवाय पडवीत रेंज नाही ती नाहीच. आमच्या फॉर्ममध्ये हा रकाना ऐच्छिक केला. असेल तर लिहा, नसेल तर माणसाची तपासणी त्यासाठी अडू नये.

काय बदललं

सगळ्यांत आधी भेटीचा निकाल. फॉर्म उघडल्यावर पहिला प्रश्न 'भेट झाली का?' आणि पर्याय आशांच्या डायऱ्यांतून उचललेले: घर बंद, व्यक्ती आज घरी नाही, संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी भेटेल, काही महिन्यांसाठी बाहेरगावी, बाहेरगावीच राहते, सणाला येते, कायमची गेली, मृत्यू, आणि शेवटी नकार. नकार निवडला तर त्याचं कारण लिहायचं. बाहेरगावी निवडलं तर आणखी तीनच प्रश्न: कुठे, कधी येणार, गोळ्या चालू आहेत का. बाकीचा फॉर्म तिथेच संपतो.

वर्षातले सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहणाऱ्याला उपकेंद्राच्या लोकसंख्येत धरायचं की नाही, यावर बराच खल झाला. मोजणीतून काढून टाकलं तर टक्केवारी चांगली दिसते. पण मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा, पाळीच्या नोकरीमुळे तिथल्या दवाखान्यात न जाणारा माणूस गावात आठ दिवस येतो तेव्हाच कुणाच्या तरी हाताला लागतो. त्याला यादीतून पुसणं मला पटलं नाही, वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही पटलं नाही. शेवटी दोन याद्या केल्या. गावात राहणारे आणि सणाला येणारे. टक्केवारी पहिलीची काढायची, काम दोन्हींवर करायचं.

दुसरा बदल म्हणजे दर वेळी नाव नव्यानं लिहायचं बंद. घरांची आणि माणसांची यादी फॉर्मला जोडून दिली, ताई त्यातून नाव निवडतात. याआधी एकच सरूबाई दर फेरीत वेगळ्या शुद्धलेखनानं जन्माला येत होती आणि तिचे रक्तदाब वेगवेगळ्या माणसांच्या नावावर जात होते. अख्ख्या वाडीचं आडनाव एकच असतं, त्यामुळे नुसत्या नावानं भागेना. मग घराची गावातली ओळख घेतली: वरच्या आळीतले, पिठाच्या गिरणीमागचे, विहिरीजवळचे. कार्यालयातून कुणालाही ही यादी बनवता आली नसती. आशाताई आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताई यांनी दोन दुपारी उपकेंद्राच्या ओट्यावर बसून ती पक्की केली.

नाव निवडलं की पडद्यावर मागची नोंद येते: शेवटचा रक्तदाब किती, कधी, गोळी कुठली सुरू. हा बदल दिसायला लहान आहे. पण आशाताई "आजी, मागल्या खेपेला तुमचा वरचा आकडा 162 होता, आज बघूया" असं म्हणू शकली, तेव्हा भेटीचा नूरच बदलला. आजीला कळलं की आपलं लिहून घेतलेलं कुणीतरी लक्षात ठेवलंय.

सक्तीचे रकाने कमी केले. रक्तदाबाला 'मोजता आला नाही' हा पर्याय दिला आणि कारणात 'सेल संपले', 'पट्टा फाटला' घातलं. त्यामुळे एक अनपेक्षित फायदा झाला. कुठल्या वाडीत यंत्र बंद आहे याची यादी आपोआप तयार होऊ लागली आणि सेल मागवायला पुरावा मिळाला. वरचा आकडा खालच्यापेक्षा लहान पडला तर फॉर्म हटकतो. पण वेगळा वाटणारा आकडा आला म्हणून अडवत नाही, 'पुन्हा मोजून पाहा' एवढंच सांगतो. जीपीएस घरासाठी एकदाच घ्यायचा, माणसागणिक नाही.

तंबाखूच्या प्रश्नात मिसरी वेगळी विचारायला सुरुवात केली. "तंबाखू खाता का?" म्हटलं की वयस्क बायका सरळ "न्हाय बाय" म्हणतात. सकाळी दात घासायला मिसरी लावतात ती त्यांच्या हिशेबी तंबाखू नव्हेच. पण ती भाजलेल्या तंबाखूचीच पूड. तोंडाच्या कर्करोगासाठी तोंड तपासायला कुणाला आधी बोलवायचं, हे इथे ठरतं. सुनेसमोर सासू दारूबद्दल आणि सासूसमोर सून मन उदास राहण्याबद्दल बोलणार नाही, हेही फॉर्मच्या क्रमात धरलं. असे प्रश्न शेवटी ठेवले आणि 'एकांत नव्हता, विचारलं नाही' हा पर्याय दिला.

उत्पन्नाचा, वाहनाचा आणि घराच्या पक्केपणाचा प्रश्न काढून टाकला. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली, मग पडताळणीच्या बातम्या आल्या. तेव्हापासून मोबाइल हातात घेऊन कुणी माहिती विचारायला आलं की घरातली पहिली शंका असते, "नाव कापायला आलात काय?" ही शंका बाळगण्याचा लोकांना पूर्ण हक्क आहे. रक्तदाबाच्या पाठपुराव्याला गाडीचा तपशील लागत नाही, तर तो विचारूच नये. 2023 चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा तरी वेगळं काय सांगतो? ज्या कामासाठी संमती घेतली तेवढ्यापुरतीच माहिती. संमतीचा मजकूर बोलीत लिहिला आणि फोटो घेणं बंद केलं. आशाताईंच्या फोनला कुलूप लावायला शिकवलं, पाठवलेले फॉर्म फोनवरून काढून टाकायला शिकवलं, कारण तो फोन घरातली पोरं खेळायला घेतात.

गणपती

सणाला येणाऱ्यांची यादी हाताशी आल्यावर कामाचं कॅलेंडरच बदललं. आधी भाद्रपदात घरभेटी ढिल्या पडायच्या, कारण आशाताईंच्या घरीही गणपती. आता सीएचओ मॅडम आणि गटप्रवर्तक ताईंनी गौरी जेवल्यानंतरचा दिवस धरून देवळाच्या सभामंडपात संध्याकाळी तपासणी ठेवली. आरतीला वाडी जमतेच. यादी आधीच वाडीनिहाय छापून घेतलेली, त्यामुळे कुणाला आवर्जून बोलवायचं ते माहीत होतं. चाकरमानी मंडळी आली, आणि विशेष म्हणजे चाळिशीतले पुरुष आले, जे एरवी कुठल्याच तपासणीत सापडत नाहीत. काहींचा रक्तदाब पहिल्यांदाच मोजला जात होता.

नंतरचा प्रश्न अवघड होता. वाढलेला रक्तदाब आढळला, माणूस परवा मुंबईला परत चालला. गोळी इथून सुरू करायची का? डॉक्टरांनी ठरवलं की एका संध्याकाळच्या मोजणीवर, प्रवासाच्या दगदगीत, गोळी सुरू करायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्रात शांत बसवून पुन्हा मोजायचं. तरीही जास्त असेल आणि डॉक्टरांनी सुरू केली, तर महिन्याची गोळी सोबत द्यायची, बहुतेकदा ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम, आणि हातात एक कागदी चिठ्ठी: दोन्ही आकडे, तारखा, गोळीचं नाव, मुंबईत कुठे जायचं. मुंबई महापालिकेचे 'आपला दवाखाना' 2022 पासून सुरू झालेत, काही संध्याकाळीही चालतात. पाळी करणाऱ्या माणसाला तेच सोयीचे. मोबाइलवरच्या एवढ्या खटाटोपानंतर गाव आणि मुंबई यांच्यातला दुवा कागदाचा एक चिठोराच राहिला, आणि तो चालला. कारण तो खिशात राहतो आणि कुठल्याही डॉक्टरला वाचता येतो.

जे सुटलं नाही

आशाताईंचं काम कमी झालं का? थोडंच. सरकारी पोर्टलवरची नोंद, नोंदवही, स्वतःची डायरी आणि हा फॉर्म, असं चौपदरी लिखाण होतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केंद्राच्या पातळीवर मागवला जाणारा एक मासिक कागदी तक्ता बंद करून त्याऐवजी फॉर्मवरून निघणारा तक्ता चालवून घेतला. एवढं त्यांच्या हातात होतं, तेवढं त्यांनी केलं. माझ्या मते नवं मोबाइल साधन गावात आणणाऱ्या प्रत्येकानं आधी सांगावं की त्याच्या बदल्यात कुठलं लिखाण बंद होणार आहे. सांगता येत नसेल तर ते साधन आणू नये. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा मानधनाबरोबर ऑनलाइन कामांची सक्ती हाही त्यांच्या तक्रारीचा विषय होता. ती तक्रार मोबाइल वापरता येत नाही म्हणून नव्हती. 2020 च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत याच बायकांनी ऑक्सिमीटर आणि मोबाइल घेऊन राज्य पिंजून काढलं होतं. प्रश्न फोन कुणाचा, रिचार्ज कुणाचा आणि वेळ कुणाचा, हा होता. या उपकेंद्रात संस्थेनं रिचार्जचे पैसे दिले, फोन मात्र ताईंचेच राहिले.

फोन हरवला आणि फॉर्म पाठवलेले नसले तर ते गेले. रेंज नसलेल्या ठिकाणी काम करण्याची ही किंमत आहे. म्हणून आठवड्यातून एकदा, उपकेंद्रात लसीकरणाला सगळ्या जमतात त्या दिवशी, फॉर्म पाठवल्याची खात्री गटप्रवर्तक करतात. डायरी बंद करायला मी कुणालाही सांगितलं नाही.

मुंबईत गेलेल्या माणसाची तिथली नोंद इथे परत येत नाही. दिवाळीनंतर गटप्रवर्तक ताई यादीतल्या लोकांना फोन करून विचारतात, चिठ्ठी घेऊन दवाखान्यात गेलात का, आकडा किती आला. जे सांगतात ते 'फोनवरून कळलेलं' म्हणून वेगळं नोंदलं जातं, मोजलेल्या रक्तदाबात मिसळलं जात नाही.

संस्थेचा या कामासाठीचा निधी संपत आला तेव्हा फॉर्मची एक्सेल फाइल सीएचओ मॅडम आणि गटप्रवर्तक ताईंच्या स्वाधीन केली आणि पर्याय कसे घालायचे, फॉर्म पुन्हा कसा चढवायचा हे दोघींना शिकवलं. पुढच्या आषाढात ताईंनी कुणालाही न विचारता भेटीच्या निकालात एक नवा पर्याय घातला, 'वारीला गेले', आणि त्या नावांच्या भेटी एकादशीनंतरच्या आठवड्यात लावल्या. सर्व्हरचा खर्च पुढच्या वर्षी कोण देणार, याचा प्रस्ताव तालुक्याकडे गेलेला आहे.